संशोधन अनुदान मंजूर झाल्यावर पुढे काय? विद्यापीठ-महाविद्यालयांतील कर्मचाऱ्यांच्या अनुदान व्यवस्थापन प्रशिक्षणाविषयी सविस्तर माहिती

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा पुन्हा बातम्यांत आले. नागपंचमीच्या सुमारास २१ नाग पकडण्यास केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने परवानगी दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शिराळ्यात जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक बंद झाली होती, त्यामुळे सोशल मीडियावर चर्चा रंगली ती परंपरा परत आली की नाही यावर. परवानगीच्या कागदात मात्र पूजेचा मुद्दा नव्हता. परवानगी शैक्षणिक कारणासाठी होती आणि त्यात नागांची संख्या, तारखा व अटी ठरवून दिलेल्या होत्या.

हेतू, मर्यादा, मुदत आणि अटी यांनी बांधलेली परवानगी हे संशोधनाच्या जगातले रोजचे काम आहे. एखाद्या प्राध्यापकाला सरकारी संस्थेकडून संशोधनासाठी पैसे मिळतात तेव्हा हातात पडणारा मंजुरी आदेश असाच असतो. पैसे कशावर खर्च करायचे, कशावर करायचे नाहीत, कधीपर्यंत करायचे आणि हिशेब कोणत्या नमुन्यात द्यायचा, हे सगळे त्यात लिहिलेले असते. प्रयोग प्राध्यापक करतात. आदेशातील अटी पाळल्या गेल्या की नाही, हे बहुतेक वेळा ठरते ते कार्यालयातल्या लेखापालाच्या किंवा वरिष्ठ लिपिकाच्या टेबलावर. या कामाला संशोधन अनुदान व्यवस्थापन म्हणतात. भारतात ते शिकवण्याची पद्धतशीर सोय अजून फारशी नाही.

शिराळ्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न का येतो?

शिराळा हा सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा डोंगराळ तालुका. वारणा नदीवरचे चांदोली धरण आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान इथून जवळ. हे उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांतही त्याचा समावेश होतो. साप, बेडूक, रानभाज्या, औषधी वनस्पती, धरणग्रस्तांचे पुनर्वसन, ऊसपट्ट्यातील पाणी असे संशोधनाचे विषय दारात उभे आहेत. तालुक्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्ह्यांचे आहे.

विद्यापीठाच्या मुख्य आवारात वित्त व लेखा अधिकारी असतो आणि त्याच्या हाताखाली विभाग असतो. आयआयटी किंवा आयसरसारख्या संस्थांत तर संशोधन प्रकल्पांसाठी स्वतंत्र अधिष्ठाता आणि कार्यालय असते. तालुक्याच्या महाविद्यालयात मात्र वेतनबिले, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षा शुल्क आणि नॅकची माहिती पाहणारी दोन-तीन माणसेच संशोधन प्रकल्पाचीही फाईल सांभाळतात. वर्षाला एखादाच प्रकल्प येतो, त्यामुळे सराव होत नाही. पहिल्या प्रकल्पात शिकलेले दुसरा येईपर्यंत विसरले जाते, किंवा शिकलेला माणूस निवृत्त झालेला असतो.

अनुदान व्यवस्थापनात नेमके काय करावे लागते?

केंद्र सरकारच्या पैशाला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने त्यातील काही तरतुदी पाठ असाव्यात अशा आहेत.

पहिली उपयोगिता प्रमाणपत्राची. ‘जीएफआर १२-ए’ या नमुन्यात, मिळालेली रक्कम, झालेला खर्च आणि उरलेली शिल्लक दाखवून, पैसे ज्या कारणासाठी दिले त्यासाठीच वापरल्याचे संस्थेने लिहून द्यायचे असते. नियम २३८ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत ते द्यावे लागते. ही शेवटची मर्यादा आहे. प्रत्यक्षात पुढचा हप्ता मागील प्रमाणपत्राशिवाय सुटत नाही, त्यामुळे १२ महिने थांबणाऱ्या संस्थेचा प्रकल्प वर्षभर कोरडा राहतो.

दुसरी व्याजाची. अनुदानाची रक्कम बँकेत पडून राहिली आणि तिच्यावर व्याज मिळाले, तर नियम २३०(८) प्रमाणे ते व्याज संस्थेचे नसते. हिशेब अंतिम झाल्यावर ते भारताच्या संचित निधीत भरावे लागते. यासाठी भारतकोश हे पोर्टल वापरले जाते. व्याजातून प्रिंटर घेतला किंवा सेमिनारचा चहा-नाश्ता केला, तर लेखापरीक्षणात आक्षेप आलाच समजा.

तिसरी मालमत्तेची. अनुदानातून घेतलेले उपकरण देणाऱ्या खात्याच्या परवानगीशिवाय विकता किंवा निर्लेखित करता येत नाही. त्याची नोंद स्वतंत्र नोंदवहीत ठेवावी लागते. महाविद्यालयात नेहमीचे डेड स्टॉक रजिस्टर असतेच, पण प्रकल्पातील सूक्ष्मदर्शक त्यात इतर बाके-कपाटांबरोबर मिसळून गेला की पाच वर्षांनी तो कोणत्या पैशातून आला हे कोणी सांगू शकत नाही.

आणि नियम २३६ नुसार हे हिशेब देणारे खाते, तसेच नियंत्रक व महालेखापरीक्षक यांना तपासता येतात. सीएची सही झाली म्हणजे प्रकरण मिटले, हा समज चुकीचा आहे.

एक उदाहरण

समजा, शिराळ्यातील एका प्राध्यापकाला साप आणि शेतीतील उंदीर यांच्या संबंधावर तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला. पहिल्या वर्षी ६,००,००० रुपये जमा झाले. ३१ मार्चपर्यंत ४,८५,००० रुपयांची देयके चुकती झाली. ४०,००० रुपयांच्या कॅमेरा ट्रॅपची ऑर्डर दिली आहे, पण माल आला नाही आणि पैसेही गेले नाहीत. बचत खात्यावर ९,२०० रुपये व्याज जमा झाले.

नवख्या लिपिकाची स्वाभाविक मांडणी अशी असते: खर्च ५,२५,०००, शिल्लक ७५,०००. ही मांडणी चुकीची आहे. ऑर्डर म्हणजे खर्च नव्हे. उपयोगिता प्रमाणपत्रात खर्च ४,८५,००० आणि अखर्चित शिल्लक १,१५,००० दाखवायची. ४०,००० ची बांधील रक्कम वेगळी कळवायची, म्हणजे ती शिल्लक परत मागण्याऐवजी पुढे वापरू देण्याचा विचार होऊ शकतो. व्याज ९,२०० शिलकीत मिसळायचे नाही, वेगळे दाखवून भरायचे आणि चलनाची प्रत फाईलला लावायची.

आता याच प्रकल्पात प्रवासाच्या लेखाशीर्षात ३०,००० रुपये उरले आहेत आणि रसायनांसाठी तेवढेच कमी पडले आहेत. एका शीर्षातून दुसऱ्यात पैसे वळवणे, म्हणजे पुनर्विनियोजन, कधी मुख्य संशोधकाला संस्थेच्या मान्यतेने करता येते, कधी देणाऱ्या खात्याची पूर्वपरवानगी लागते. उत्तर मंजुरी आदेशात असते. भांडवली रक्कम, म्हणजे उपकरणांची, आवर्ती खर्चाकडे परस्पर वळवता येत नाही, एवढे मात्र बहुतेक सर्वत्र सारखे आहे. चूक इथेच सर्वात जास्त होते, कारण चांगल्या हेतूने केलेली असते. पैसा संशोधनालाच लागला, मग बिघडले कुठे, असे प्राध्यापकाला वाटते. तपासणाऱ्याला मात्र शीर्षाबाहेरचा खर्च दिसतो.

अशा चुकीची झळ प्राध्यापकाला नंतर लागते, प्रकल्पातल्या संशोधक विद्यार्थ्याला आधी. हप्ता अडकला की त्याचे विद्यावेतन अडकते. कनिष्ठ संशोधन अधिछात्राचे विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून महिना ३१,००० वरून ३७,००० रुपये झाले. त्याबरोबर घरभाडे भत्ता असतो आणि तो गावाच्या वर्गवारीनुसार ठरतो. कोल्हापूर शहरातला दर शिराळ्यात लागू होत नाही. हा फरक लेखापालाला माहीत नसेल तर एकतर विद्यार्थ्याला कमी मिळते, किंवा जास्त दिलेले नंतर वसूल करण्याची पाळी येते. चार-सहा महिने पैसे न मिळता एसटीने ये-जा करून प्रयोगशाळा चालवणारे विद्यार्थी महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत भेटतील. उशीर दर वेळी दिल्लीतच होतो असे नाही. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तींतही हजेरी आणि प्रगती अहवाल वेळेवर पुढे गेला का, हा प्रश्न शेवटी कार्यालयातल्या टेबलापाशीच येतो.

एकदा शिकून पुरत का नाही?

गेल्या काही वर्षांत पैसे येण्याचा मार्गच बदलला. पूर्वी अनुदानाचा धनादेश किंवा रक्कम संस्थेच्या खात्यात यायची आणि खर्च होईपर्यंत तिथेच राहायची. मार्च २०२२ मध्ये वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने केंद्रीय क्षेत्र योजनांसाठी नवी पद्धत आणली. पैसा मध्यवर्ती खात्यात राहतो, संस्थेकडे शून्य शिलकीचे खाते असते, आणि खर्चाच्या वेळी मंजूर मर्यादेतून तेवढीच रक्कम काढता येते. हे सगळे पीएफएमएस या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीतून चालते. व्याजाचा प्रश्न यात जवळपास संपतो. त्याची जागा नव्या प्रश्नाने घेतली: मर्यादा ३१ मार्चला संपते, आणि त्या दिवसापर्यंत पोर्टलवर न चढवलेले बिल पुढच्या वर्षीच्या मंजुरीची वाट पाहत राहते.

पीएफएमएसमध्ये एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची अशी रचना आहे. फसवणूक टाळण्यासाठीच ती केली आहे. छोट्या महाविद्यालयात मात्र दोन्ही पासवर्ड एकाच लिपिकाच्या डायरीत, एकाच पानावर लिहिलेले असण्याची शक्यता मोठी. डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी टोकन किल्ली निवृत्त अधिकाऱ्याच्या नावावर राहून गेली, तर नवे नाव लागेपर्यंत सगळे ठप्प. प्रशिक्षणात नियमांचे तास खूप असतात. पदभार सोडताना लॉगिन, टोकन आणि चालू प्रकल्पांची यादी कशी सोपवायची, यावर अर्धा तासही नसतो. खरे तर सुरुवात तिथून व्हायला हवी.

कराचेही तसेच. संशोधन संस्थांनी घेतलेल्या वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के सवलतीचा जीएसटी होता, तो १८ जुलै २०२२ पासून काढून घेतला गेला. जुन्या दराने अंदाजपत्रक केलेल्यांच्या उपकरणांची किंमत एका रात्रीत वाढली. त्यानंतर मिळालेल्या संशोधन अनुदानांवरच जीएसटीच्या नोटिसा काही नामांकित संस्थांना गेल्या, तेव्हा देशभर गदारोळ झाला. ९ सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने सूट देण्याची शिफारस केली. ही सूट कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे व संशोधन केंद्रे, तसेच आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित संस्था यांच्यासाठी आहे. विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेले असते. त्याच्याशी संलग्न असलेले खासगी शिक्षणसंस्थेचे महाविद्यालय आपोआप त्यात बसत नाही. एखाद्या कारखान्याकडून सीएसआरमधून संशोधनासाठी पैसे घेण्यापूर्वी हे पाहून ठेवलेले बरे.

खरेदीचे नियम जून २०२५ मध्ये सैल झाले. विज्ञान व तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान यांसारख्या वैज्ञानिक विभागांच्या संस्थांना दरपत्रकाशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये करण्यात आली. खरेदी समितीमार्फत २ लाख ते २५ लाखांपर्यंतची खरेदी करता येऊ लागली, आधी ती १० लाखांपर्यंत होती. संशोधकांची ही फार जुनी तक्रार होती. जीईएम पोर्टलवर सर्वात स्वस्त मिळणारी वस्तू प्रयोगाला उपयोगी पडेलच असे नाही. पण बातमी वाचून लगेच मागणीपत्र काढू नये. हा आदेश कोणत्या संस्थांना लागू आहे आणि आपले महाविद्यालय त्या कक्षेत येते का, हे आधी पाहावे लागते. पैसा राज्य सरकारचा असेल तर राज्याचे खरेदी धोरण लागू, विद्यापीठाचा असेल तर विद्यापीठाची लेखासंहिता.

निधी देणाऱ्या संस्थाही बदलल्या. एसईआरबी हे मंडळ अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले. त्याचा कायदा २०२३ चा, आणि फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. राज्य विद्यापीठे व महाविद्यालयांपर्यंत संशोधनाचा पैसा पोचत नाही, ही या कायद्यामागची एक प्रमुख चिंता होती. एसईआरबीने २०२२ मध्ये याच हेतूने ‘शुअर’ योजना आणली होती. तीत राज्य विद्यापीठे, खासगी विद्यापीठे व महाविद्यालये यांतील शिक्षकांना तीन वर्षांसाठी ३० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. पैसा तालुक्याकडे वळवायचा, तर तो सांभाळणारी माणसे तालुक्यात तयार हवीत. या दुसऱ्या अर्ध्या भागाची चर्चा फार कमी होते.

प्रशिक्षण कोण देते?

शिक्षकांसाठी सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मनुष्यबळ विकास केंद्रे २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे या नावाने चालतात. तिथे संशोधन प्रस्ताव कसा लिहावा, हे शिकवले जाते. नावातच शिक्षक असल्यामुळे लिपिक आणि लेखापाल तिथे क्वचित दिसतात. सरकारी हिशेबाचे प्रशिक्षण फरिदाबादच्या अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्थेत मिळते. पुण्यात यशदा आहे, पण तिचा मुख्य भर राज्याच्या प्रशासनावर. या दोन टोकांच्या मध्ये, संशोधनही समजेल आणि हिशेबही, अशी जागा जवळपास रिकामी आहे.

ती भरण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न इंडिया अलायन्स या जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतील संस्थेने केला. २०१८ मध्ये तिने भारतीय संशोधन व्यवस्थापन उपक्रम सुरू केला. संशोधन व्यवस्थापन हा स्वतंत्र पेशा आहे, हे मान्य करून त्यासाठी संस्थांना आणि व्यक्तींना मदत देण्याची कल्पना आपल्याकडे नवीन होती. अमेरिकेत अशा कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९५९ मध्येच स्थापन झाली आणि तिथे या कामाची प्रमाणपत्र परीक्षाही होते. युरोपीय महासंघाच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमात प्रत्यक्ष खर्चावर सरसकट २५ टक्के अप्रत्यक्ष खर्च दिला जातो. वीज, जागा आणि कार्यालयातील माणसांचा पगार यातून भागतो. भारतातील ओव्हरहेडचे प्रमाण याहून बरेच कमी असते. संस्थेत ते सर्वसाधारण खर्चात मिसळूनही जाते. त्यातला थोडा भाग लेखापालाच्या प्रशिक्षणाला राखला तर कोणताही नियम आडवा येऊ नये, पण तशी प्रथा नाही.

कागदावर चौकट तयार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यासाठी संचालकाचे पद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांत संशोधन व विकास कक्ष स्थापन करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यात वित्त, बौद्धिक संपदा आणि नैतिकता या विषयांसाठी समित्या सुचवल्या आहेत. नॅकसाठी असे कक्ष बऱ्याच ठिकाणी स्थापन झाले. मात्र कक्ष म्हणजे सहा प्राध्यापकांची यादी आणि दारावरची पाटी, कर्मचारी एकही नाही, असा प्रकार होऊ नये एवढे पाहावे लागते.

चांगले प्रशिक्षण कसे असते?

सभागृहात ८० जण बसवून ११० स्लाइड दाखवणे हा नेहमीचा प्रकार आहे. त्यातून प्रमाणपत्र मिळते, काम येत नाही. ज्यातून खरोखर फरक पडतो तो मार्ग सोपा आहे. बंद झालेल्या एखाद्या प्रकल्पाची खरी फाईल घ्यायची, नावे झाकायची आणि सहभागींकडून त्या फाईलचे उपयोगिता प्रमाणपत्र पुन्हा करून घ्यायचे. आकडे जुळत नाहीत तेव्हा कॅशबुक, बँक पासबुक आणि व्हाउचर यांचा मेळ घालायला माणूस आपोआप शिकतो. दुसरी गोष्ट, मुख्य संशोधक आणि लेखापाल यांना एकत्र बसवायचे. मंजुरी आदेश दोघांनी मिळून वाचला, आणि त्यातील तारखा व शीर्षे एका पानावर उतरवून दोघांच्या टेबलावर ठेवली, तर वर्षअखेरची निम्मी धावपळ वाचते. आदेश इंग्रजीत असतो. त्याचा अर्थ मराठीत समजावून सांगितला तर कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पोर्टलचे शिक्षण पोर्टल उघडूनच द्यावे लागते.

शिवाजी विद्यापीठासारख्या तीन जिल्ह्यांच्या विद्यापीठाला आणखी एक मार्ग मोकळा आहे. चार-पाच शेजारी महाविद्यालयांसाठी मिळून एक प्रशिक्षित माणूस नेमता येईल. एका महाविद्यालयात वर्षाला एक प्रकल्प असतो, पाचांत मिळून पाच. सराव तुटत नाही आणि पगार परवडतो. शिक्षकेतर पदे रिक्त असताना आणि कंत्राटी माणसे वर्षा-दोन वर्षांनी बदलत असताना, प्रत्येक ठिकाणी वेगळा तज्ज्ञ मिळण्याची वाट पाहणे व्यवहार्य नाही.

शिराळ्याच्या बाबतीत अभ्यासक्रमात आणखी एक प्रकरण हवे, ते परवानग्यांचे. पैसे मंजूर झाले म्हणजे जंगलात जाण्याची मुभा मिळाली असे होत नाही. चांदोलीत अभ्यासासाठी प्रवेश करायला वन विभागाची परवानगी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या २०२२ मधील दुरुस्तीनंतर नाग पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे शिक्षण किंवा संशोधनासाठी तो पकडायचा तर कलम १२ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला केंद्राची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. जैविक नमुने किंवा त्यावरची माहिती परदेशी सहकाऱ्याला द्यायची असेल तर जैविक विविधता अधिनियम, २००२ पाहावा लागतो. या परवानग्यांना महिने लागू शकतात आणि अनुदानाचे घड्याळ त्यांच्यासाठी थांबत नाही. म्हणून प्रस्ताव पाठवतानाच परवानगीचे अर्ज तयार ठेवायचे. आणि परवानगी हाती येण्यापूर्वी क्षेत्रभेटीची गाडी ठरवून तिचे बिल प्रकल्पाच्या फाईलला लावायचे नाही.